फायबर ऑप्टिक आर्द्रता सेन्सर आणि त्यावरचे पातळ लेप: मुंबईकरांचे नेहमीचे प्रश्न

इंजिनीअरिंग कॉलेजांतले प्रोजेक्ट ग्रुप, गोदामं आणि ट्रान्सफॉर्मर रूम सांभाळणारी मंडळी, संग्रहालयांतले लोक यांच्याकडून जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात ते इथे एकत्र केले आहेत. सोपे आधी, अडचणीचे नंतर. सगळी उत्तरं मुंबईची हवा डोळ्यांसमोर ठेवून दिली आहेत. इथे पावसाळ्यात आर्द्रता आठवडेच्या आठवडे ८० टक्क्यांच्या वर राहते आणि हिवाळ्यातल्या एखाद्या कोरड्या दुपारी ५० च्या खाली उतरते. त्यामुळे आम्हाला ६० ते ९५ या पट्ट्यात सेन्सर कसा वागतो याची काळजी जास्त, २० टक्क्यांना काय करतो याची कमी.

१. साध्या फायबरला हवेतला दमटपणा कळतो का? मग लेप कशासाठी?

कळत नाही. फायबर म्हणजे सिलिकाची काच, आणि ती पाणी शोषून फुगत नाही. दूरसंचाराचा फायबर भर पावसात भिंतीवर लोंबकळत असला तरी कॉल तुटत नाही, तो याच गुणामुळे. १२५ मायक्रॉन व्यासाची काच आणि तिच्या मध्यभागी आठ-नऊ मायक्रॉनचा गाभा, ज्यातून प्रकाश जातो. बाहेर काय चाललंय याचा गाभ्याला पत्ता नसतो.

म्हणून काचेवर पाणी शोषणाऱ्या पदार्थाचा लेप देतात. हवेतली वाफ लेपात शिरली की त्यात दोन बदल होतात. तो फुगतो आणि काचेला किंचित ताणतो, शिवाय त्याचा अपवर्तनांक बदलतो. काही लेपांत तिसरा बदल रंगाचा असतो. कोबाल्ट क्लोराईड कोरड्या हवेत निळं आणि ओल्या हवेत गुलाबी दिसतं. या बदलांपैकी एखादा प्रकाशापर्यंत पोहोचवायचा, एवढंच काम.

२. काही शे रुपयांत इलेक्ट्रॉनिक सेन्सर मिळतो. मग हा खटाटोप कोणासाठी?

घरासाठी, दुकानासाठी, साध्या गोदामासाठी नाही. लॅमिंग्टन रोडवर मिळणारा कपॅसिटिव्ह सेन्सर तिथे पुरेसा आहे. चांगल्या कंपनीचा असेल तर दोन-तीन टक्क्यांच्या आत आकडा देतो. हे सांगितलं की काही जण नाराज होतात, पण वाचलेल्या पैशांत एक डीह्युमिडिफायर येईल.

फायबर घ्यायचा तो तांब्याची तार नेता येत नाही किंवा नेऊ नये अशा जागी. उच्च दाबाचं स्विचगिअर, स्फोटक वाफा असलेली टाकी, एमआरआयची खोली, किरणोत्सर्ग असलेली जागा. दुसरं कारण, एकाच तंतूवर डझनभर ठिकाणं मोजायची असतील तर. जिनिव्हाजवळच्या सर्न या कण-भौतिकीच्या प्रयोगशाळेतल्या सीएमएस प्रयोगात ट्रॅकरच्या (कणांचा माग काढणाऱ्या यंत्राच्या) थंड भागाजवळ दव धरू नये म्हणून पॉलिइमाईडचा (उष्णता सोसणाऱ्या एका प्लास्टिकचा) लेप दिलेले फायबर सेन्सर वापरले गेले. तिथे किरणोत्सर्ग आहे, चुंबकीय क्षेत्र आहे आणि जागा अगदी चिंचोळी आहे. या प्रयोगात कुलाब्याच्या टीआयएफआरचाही सहभाग आहे.

३. किती प्रकारचे फायबर आर्द्रता सेन्सर असतात?

नावं बरीच आहेत, पण लेपाच्या दृष्टीने तीन गट पुरतात.

पहिला गट ताणावर चालतो. फायबर ब्रॅग ग्रेटिंगमध्ये गाभ्यात बारीक, ठरावीक अंतरावरच्या रेघा असतात आणि त्या एकच तरंगलांबी परतवतात. लेप फुगला, काच ताणली गेली, की ती तरंगलांबी सरकते. दुसऱ्या गटात प्रकाशाला बाहेर डोकावू देतात. क्लॅडिंग (गाभ्याभोवतीची काच) काढून, फायबर तापवून आणि ओढून बारीक करून, एका बाजूने घासून, इंग्रजी यू सारखा वाकवून, किंवा लाँग पीरियड ग्रेटिंगने प्रकाश क्लॅडिंगमध्ये वळवून. इथे लेपाचा अपवर्तनांक महत्त्वाचा. लॉसी मोड रेझोनन्स हा याच घरातला तुलनेने नवा प्रकार. त्यात इंडियम टिन ऑक्साईड किंवा टिन ऑक्साईडसारखा थर असतो, आणि स्पेनमधल्या नवारा विद्यापीठाच्या गटाने त्यावर बरंच काम केलं आहे. तिसऱ्या गटात फायबरच्या टोकावरचा लेप हीच पोकळी असते, तिला फॅब्री-पेरो म्हणतात. लेपाच्या दोन्ही पृष्ठभागांवरून परतलेला प्रकाश एकमेकांत मिसळतो आणि स्पेक्ट्रममध्ये उजळ-काळे पट्टे पडतात.

४. लेप जितका पातळ तितका सेन्सर चांगला, हे खरं का?

सर्वात जास्त विचारला जाणारा प्रश्न हा. उत्तर प्रकारावर अवलंबून आहे, आणि ताणावर चालणाऱ्या सेन्सरबाबत ते चक्क उलटं आहे.

ब्रॅग ग्रेटिंग घ्या. पॉलिइमाईडपेक्षा काच सुमारे पंचवीसपट कडक. लेप १० मायक्रॉनचा असेल, तर मोकळा असता तर जितका वाढला असता त्याच्या जेमतेम एक टक्का ताण काचेपर्यंत पोहोचतो. बाकीची ओढ काच दाबून टाकते. म्हणून इथे लेप जाड केला की सिग्नल वाढतो. दुसरा मार्ग काच बारीक करण्याचा. व्यास अर्धा केला तर त्याच जाडीच्या लेपाचा परिणाम साधारण दुप्पट होतो. पण काच झिजवायला हायड्रोफ्लोरिक आम्ल लागतं. ते त्वचेतून आत शिरून हाडांपर्यंत इजा करतं आणि सुरुवातीला दुखतही नाही. योग्य फ्यूम हूड, प्रशिक्षित माणूस आणि कॅल्शियम ग्लुकोनेट जेल जवळ नसेल तर कॉलेजच्या लॅबमध्ये हा विचारही करू नका.

प्रकाश बाहेर डोकावणाऱ्या सेन्सरमध्ये गणित वेगळं. काचेबाहेर प्रकाशाची पोहोच त्याच्या तरंगलांबीएवढ्याच अंतराची असते. लेप तीन-चार मायक्रॉनचा केला तर वरचा भाग प्रकाशाला दिसतच नाही, पाणी आत यायला मात्र उशीर करतो. इथे पातळ लेपच हवा.

लाँग पीरियड ग्रेटिंग आणि लॉसी मोड रेझोनन्समध्ये ‘पातळ’ किंवा ‘जाड’ असं बोलणंच चुकीचं, तिथे ‘नेमकी’ जाडी लागते. क्लॅडिंगपेक्षा जास्त अपवर्तनांकाचा लेप काहीशे नॅनोमीटरच्या एका विशिष्ट जाडीला पोहोचला की क्लॅडिंगमधला एक मोड (प्रकाशाची तिथून जाण्याची एक ठरावीक तऱ्हा) लेपात ओढला जातो. त्या वळणावर सेन्सर अतिशय तल्लख असतो, अलीकडे-पलीकडे तो मंद पडतो. म्हणून जाडी आधी हिशेबाने काढायची आणि लेप देताना स्पेक्ट्रम बघत थांबायचं.

टोकावरच्या फॅब्री-पेरोची तऱ्हा आणखी निराळी. १० मायक्रॉनच्या लेपात लागोपाठच्या दोन पट्ट्यांमध्ये साधारण ८० नॅनोमीटरचं अंतर पडतं. तुमचं यंत्र १५५० च्या आसपास ४० नॅनोमीटरच बघत असेल, तर त्याला एक पट्टाही पूर्ण दिसणार नाही. लेप याहून पातळ असेल तर पट्टे मोजायच्या फंदात न पडता परत येणाऱ्या प्रकाशाची तीव्रता मोजा.

५. पातळ लेपाने वेग किती वाढतो?

पाणी लेपात झिरपायला लागणारा वेळ जाडीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. जाडी दुप्पट, वेळ चौपट. पॉलिइमाईडसाठी ढोबळ आकडे असे: १० मायक्रॉनला काही मिनिटं, एका मायक्रॉनला काही सेकंद, १०० नॅनोमीटरला सेकंदाचा अंश. शेवटच्या टप्प्यावर लेप आडवा येत नाही, सेन्सरभोवतीची साचलेली हवा आणि डबी आडवी येते. श्वास मोजायचा असेल तर नॅनोमीटरमधला लेप हवा. गोदामात पाच मिनिटांनी आकडा आला म्हणून कोणाचं काही बिघडत नाही, तेव्हा तिथे वेगासाठी पैसे घालवू नका.

६. लेपासाठी कोणता पदार्थ निवडू?

मुंबईत बसून विचारत असाल तर आमचं पहिलं मत पॉलिइमाईड. ब्रॅग ग्रेटिंगवर त्याची संवेदनशीलता, म्हणजे आर्द्रतेच्या दर टक्क्याला तरंगलांबीची सरकणी, एक ते पाच पिकोमीटर (पिकोमीटर म्हणजे नॅनोमीटरचा हजारावा भाग). फार नाही, पण त्याचा आलेख जवळपास सरळ रेषेत जातो, तो पाण्यात विरघळत नाही आणि वर्षानुवर्षं टिकतो.

पॉलिव्हिनाईल अल्कोहोल, जिलेटिन, अगारोज, कायटोसान हे सगळे पाणी भरपूर शोषतात आणि आकडेही मोठे देतात. लॅबमध्ये बघायला छान. पण त्यांचा आलेख वाकडा असतो. कोरड्या हवेत ते जवळजवळ गप्प असतात, आर्द्रता वाढली की एकदम उसळतात. दीर्घ ओलाव्यात ते मऊ पडतात, काही चक्क सुटून येतात. पॉलिव्हिनाईल अल्कोहोल वापरायचंच तर ग्लुटरल्डिहाईडने किंवा तापवून त्याच्या रेणूंच्या साखळ्या एकमेकींना जोडून घ्या. जिलेटिन आणि अगारोजवर पावसाळ्यात बुरशीही धरते, हे शोधनिबंधांत सहसा वाचायला मिळत नाही.

ग्राफीन ऑक्साईडच्या थरांत ऑक्सिजनचे गट भरपूर, त्यामुळे पाणी झटकन येतं आणि जातं. वेग हवा असेल तर उत्तम. काचेला तो किती चिकटून राहील हे मात्र तपासून घ्या (प्रश्न ११). टायटॅनियम डायऑक्साईड, टिन ऑक्साईड यांसारखे ऑक्साईड कणखर असतात आणि किरणोत्सर्गही सोसतात, पण त्यांना स्पटरिंग (निर्वातात पदार्थाचे कण उडवून थर बसवणं) किंवा तत्सम यंत्रणा लागते. टायटॅनियम डायऑक्साईडचा लेप दिलेली लाँग पीरियड ग्रेटिंग कण-भौतिकीच्या प्रयोगांसाठी तपासली गेली ती याचमुळे.

७. एका शोधनिबंधात संवेदनशीलता शंभरपट दिली आहे. तोच घ्यावा ना?

आधी आलेख कुठून कुठे जातो ते बघा. मोठा आकडा बहुतेक वेळा आलेखाच्या सर्वात उभ्या तुकड्यावरून काढलेला असतो. तो तुकडा ८५ ते ९५ च्या मध्ये असेल तर आपल्याला उपयोगी, ३० ते ५० मध्ये असेल तर नाही. मग तीन गोष्टी शोधा: तोच सेन्सर वर जाताना आणि खाली येताना सारखा वागला का, ९० च्या वर दिवसेंदिवस ठेवून पाहिला का, आणि महिन्यानंतर पुन्हा मोजला का. बहुतेक ठिकाणी तिसरी गोष्ट नसते. दोन पिकोमीटरचा सेन्सर दर वेळी दोनच पिकोमीटर सरकत असेल, तर तो मुंबईत जास्त कामाचा. आज दोनशे आणि पंधरा दिवसांनी एकशेवीस सरकणाऱ्याला फेरमापन करता करताच तुम्ही थकाल.

८. सेन्सर आर्द्रता दाखवतोय की तापमान, हेच कळत नाही. काय करू?

बहुधा तापमानच. १५५० नॅनोमीटरच्या आसपास ब्रॅग ग्रेटिंग दर अंशाला सुमारे १० पिकोमीटर सरकते. लेप दर टक्क्याला दोन पिकोमीटर देत असेल, तर तापमानातली एक अंशाची चूक आर्द्रतेतल्या पाच टक्क्यांएवढी पडते. त्यावर हवेचा स्वतःचा हिशेब वेगळाच. ३० अंशांना ८५ टक्के असलेली हवा वाफ न बदलता ३१ अंशांवर गेली, की खरी सापेक्ष आर्द्रताच ८० च्या आसपास येते.

उपाय: त्याच तंतूवर, अगदी शेजारी, दुसरी ग्रेटिंग ठेवा. ती उघडी, लेपाशिवाय, आणि कुठेही ताणली जाणार नाही अशी सैल. दोन सरकणी, दोन अज्ञात, दोन समीकरणं. लेप असलेल्या ग्रेटिंगचा तापमानाचा उतार उघड्या ग्रेटिंगपेक्षा थोडा वेगळा असतो, कारण लेपही तापून वाढतो. तो पुस्तकातून घेऊ नका, स्वतः मोजा. आणि ‘उघडी’ म्हणजे खरंच उघडी हवी. फायबरवर मुळात असलेलं अ‍ॅक्रिलेटचं आवरण अर्धवट राहिलं तर तेही ओलाव्याला थोडंफार प्रतिसाद देतं.

९. लेप चढवायचा कसा? यंत्र लागतं का?

डिप कोटिंगला महागडं यंत्र लागत नाही. फायबर द्रावणात बुडवायचा आणि एकसारख्या वेगाने वर ओढायचा. स्टेपर मोटर, एक स्क्रू आणि न हलणारं टेबल पुरतं. जाडी ओढण्याच्या वेगाच्या दोन-तृतीयांश घाताने वाढते, हा लँडाऊ आणि लेविच यांचा १९४२ चा निष्कर्ष. म्हणजे वेग आठपट केला की जाडी चौपट.

पण काचेच्या पट्टीसाठी केलेला हिशेब फायबरला लावू नका. इतक्या बारीक तंतूवर द्रव ओढला जाण्याचं प्रमाण तंतूच्या त्रिज्येवरही ठरतं, त्यामुळे त्याच द्रावणात, त्याच वेगाने फायबरवर पट्टीपेक्षा कितीतरी पातळ थर बसतो. मग लोक द्रावण घट्ट करतात आणि नवीन दुखणं सुरू होतं. पावसात कपडे वाळत घालायच्या दोरीवर थेंबांची माळ लागते, तशी फायबरवर लेपाच्या मण्यांची माळ होते. पृष्ठताण ओल्या नळकांड्याला थेंबांत तोडतो, आणि थर जाड असेल तर हे फार झपाट्याने घडतं. म्हणून पातळ थर, वाळवणं, पुन्हा पातळ थर. लेप मायक्रोस्कोपखाली गोल फिरवून सगळ्या बाजूंनी बघा.

१०. जूनपासून आमचा लेप पांढुरका आणि डागाळ येतोय. मे महिन्यात तेच द्रावण नीट होतं.

द्रावणाला दोष देण्याआधी खोलीची हवा बघा. द्रावक उडताना पृष्ठभाग थंड पडतो, दमट हवेतलं पाणी त्यावर जमतं आणि आत भोकं-भोकं राहतात. पॉलिइमाईडच्या बाबतीत आणखी एक भानगड आहे. त्याचं कच्चं रूप, पॉलिअ‍ॅमिक आम्ल, ज्या द्रावकात असतं तो हवेतलं पाणी ओढतो, आणि त्या पाण्याने साखळ्याही तुटत जातात. बाटली फ्रिजमध्ये ठेवतात ते बरोबरच, पण ती बाहेर काढून लगेच उघडली की झाकणाच्या आत पाणी सुटतं. बंद बाटली पूर्ण खोलीच्या तापमानाला आल्यावरच उघडा. लेप देताना डीह्युमिडिफायर चालू ठेवा, किंवा कोरड्या नायट्रोजनच्या डबीत काम करा. नुसता एसी पुरेसा नाही, कारण खोली थंड झाली तरी सापेक्ष आर्द्रता साठच्या वर राहू शकते.

११. लेप सोलून निघतो. काचेला धरतच नाही.

दहातल्या नऊ वेळा काच अस्वच्छ असते. अ‍ॅक्रिलेट काढल्यावर उरलेला चिकट थर, बोटांचं तेल. आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, जमल्यास ओझोन किंवा प्लाझ्मा द्या, आणि मग सिलेनचा एक थर. अमिनोप्रोपिल ट्रायइथॉक्सिसिलेन काचेलाही धरतं आणि पॉलिइमाईडलाही. पिरान्हा द्रावणाची (सल्फ्युरिक आम्ल आणि हायड्रोजन पेरॉक्साईड यांच्या मिश्रणाची) शिफारस इंटरनेटवर सर्रास दिसते. त्यात थोडा जरी सेंद्रिय पदार्थ गेला तर ते उसळतं, तेव्हा अनुभवी माणूस समोर नसेल तर ते टाळा.

पॉलिइमाईड पूर्ण पक्कं व्हायला ३०० अंशांच्या आसपास तापवावं लागतं. या तापमानाला साध्या ग्रेटिंगची परतवण्याची ताकद थोडी घटते आणि तरंगलांबीही सरकते. ग्रेटिंग आधीच तापवून स्थिर करून घ्या, मग लेप द्या.

१२. ‘लेअर बाय लेअर’ पद्धत आमच्या लॅबला जमेल का?

जमेल, आणि पावसाळ्यात तर हीच सोपी, कारण सगळं काम पाण्यात चालतं. पाण्यात काचेवर ऋण भार असतो. फायबर आधी धनभारित पॉलिमरच्या द्रावणात, मग स्वच्छ पाण्यात, मग ऋणभारित पॉलिमरच्या द्रावणात, पुन्हा पाण्यात. प्रत्येक जोडीमागे काही नॅनोमीटर ते काही दहा नॅनोमीटर जाडी वाढते, म्हणून प्रश्न ४ मधली ‘नेमकी’ जाडी गाठायला ही पद्धत अचूक बसते. पीएच सांभाळावा लागतो आणि पाणी डीआयोनाइज्डच (क्षार काढलेलं) हवं. डझनावारी बुडवण्या हाताने केल्या तर कंटाळा हमखास, तेव्हा प्रश्न ९ मधलीच मोटर इथेही कामाला लावा.

१३. आम्ही शेवटच्या वर्षाचे विद्यार्थी. इंटरोगेटर लाखांत आहे. बजेट काही हजारांचं. काय करता येईल?

इंटरोगेटर म्हणजे ग्रेटिंगची तरंगलांबी वाचणारं यंत्र. तरंगलांबी मोजण्याचा नाद सोडा, तीव्रता मोजा. एक मिलिमीटरचा प्लास्टिक फायबर, लाल एलईडी, फोटोडायोड आणि एक मायक्रोकंट्रोलर. मधला दोन-तीन सेंटिमीटर भाग बारीक पॉलिश पेपरने घासून बाहेरचा थर काढा, गरम हवेने हळूच यू आकार द्या आणि त्यावर पॉलिव्हिनाईल अल्कोहोलचा पातळ लेप. रसायनं प्रिन्सेस स्ट्रीटवर मिळतील.

दोन गोष्टी सांभाळा. हा फायबर अ‍ॅक्रिलिकचा आहे, अ‍ॅसिटोन लागला की त्याला तडे जातात. म्हणून पाण्यातलंच द्रावण वापरा, आणि लेप पक्का करायला ओव्हनमध्ये शंभर अंशांना ठेवू नका, फायबरच मऊ पडेल. दुसरं, एलईडी तापली की प्रकाश कमी होतो आणि तुम्हाला वाटतं आर्द्रता बदलली. त्याच एलईडीचा प्रकाश दुसऱ्या, लेप नसलेल्या फायबरमधून दुसऱ्या फोटोडायोडवर घ्या आणि दोघांचं गुणोत्तर काढा. परीक्षक पहिला प्रश्न हाच विचारतात.

१४. पॉलिव्हिनाईल अल्कोहोलऐवजी फेव्हिकॉल चालेल का? दोन्ही पीव्हीएच ना?

नाही. पांढरा फेव्हिकॉल पॉलिव्हिनाईल अ‍ॅसिटेटचं पाण्यातलं मिश्रण आहे, वेगळा पदार्थ. पाण्याला त्याचा प्रतिसादही वेगळा. पॉलिव्हिनाईल अल्कोहोलची पूड घ्या, थंड पाण्यात ढवळत टाका आणि मग पाणी ८०-९० अंशांपर्यंत तापवून विरघळवा. थेट गरम पाण्यात टाकली तर गुठळ्या होतील.

१५. आर्द्रतेचं चेंबर नाही. मापन कसं पक्कं करू?

संपृक्त मिठांच्या डब्या करा. बंद डबीत ठरावीक मिठाचं संपृक्त द्रावण ठेवलं की वरच्या हवेची आर्द्रता ठरावीकच राहते. २५ अंशांना लिथियम क्लोराईड ११, मॅग्नेशियम क्लोराईड ३३, मॅग्नेशियम नायट्रेट ५३, सोडियम क्लोराईड ७५, पोटॅशियम क्लोराईड ८४ आणि पोटॅशियम सल्फेट ९७ टक्के. मुंबईसाठी शेवटच्या चार नक्की करा, ११ ची नसली तरी चालेल.

डबीत न विरघळलेले खडे दिसलेच पाहिजेत, चिखलासारखं मिश्रण हवं. डबी लहान, झाकण घट्ट, फायबर जातो तिथे सील. निदान काही तास थांबा, पोटॅशियम सल्फेटला रात्रभर. सोडियम क्लोराईडचा आकडा तापमानाने जेमतेम हलतो म्हणून ती सगळ्यांत विश्वासू डबी. मॅग्नेशियम नायट्रेटचा बराच हलतो, तेव्हा तक्त्यातून त्या दिवशीच्या तापमानाचाच आकडा घ्या. स्वयंपाकघरातलं मीठ नको, त्यात गुठळ्या होऊ नयेत म्हणून घातलेले पदार्थ असतात.

१६. आर्द्रता चढताना एक आकडा, उतरताना दुसरा. सेन्सर बिघडला का?

आधी धीर धरून बघा. प्रत्येक टप्प्यावर थांबण्याचा वेळ दुप्पट केला आणि फरक कमी झाला, तर तुम्ही घाई करत होतात (प्रश्न ५). फरक तसाच राहिला तर तो लेपाचा हिस्टेरिसिस. पाणी लेपात घट्ट धरलं जातं आणि त्याच वाटेने परत निघत नाही. जाड, सुजणाऱ्या लेपांत हा जास्त, पॉलिइमाईडमध्ये कमी. समुद्राजवळ असाल तर प्रश्न १८ वाचल्याशिवाय लेपाला दोष देऊ नका.

१७. एसी खोलीतून सेन्सर बाल्कनीत नेला की आकडा वेडावाकडा होतो. असं का?

त्याच्यावर पाणी सुटतं. ३० अंश आणि ८५ टक्क्यांच्या हवेचा दवबिंदू सुमारे २७ अंश. एसीत २३ अंशांना बसलेला सेन्सर अशा हवेत आला की लगेच ओला होतो. प्रकाश बाहेर डोकावणाऱ्या सेन्सरवर थेंब बसला तर प्रकाशाला हवेऐवजी १.३३ अपवर्तनांकाचं पाणी भेटतं, आणि जो आकडा येतो त्याचा आर्द्रतेशी संबंध नसतो. ब्रॅग ग्रेटिंग यात जरा बरी, थेंबामुळे ती फक्त १०० टक्के दाखवून बसते आणि वाळेपर्यंत तिथेच राहते. सेन्सर आधी बंद पिशवीत गरम होऊ द्या. कायमचा बसवायचा असेल तर सच्छिद्र टेफ्लॉनची टोपी घाला. तिच्यातून वाफ जाते, थेंब जात नाही. प्रतिसाद थोडा मंदावतो, तो सोसा.

१८. वरळीला समुद्रासमोर बसवला. पहिले दोन महिने ठीक, मग सतत जास्तच दाखवतो.

लेपावर मीठ बसलं आहे. खाऱ्या वाऱ्यातले बारीक कण त्यावर चिकटतात. सोडियम क्लोराईड सुमारे ७५ टक्क्यांना हवेतलं पाणी ओढून स्वतःच विरघळतं, म्हणजे त्याच्या वर लेपाला हवा नाही तर खारं पाणी लागलेलं असतं. गंमत पुढे आहे. आर्द्रता ७५ च्या खाली आली म्हणून ते लगेच सुकत नाही. कण पुन्हा स्फटिक व्हायला साधारण ४५ टक्क्यांपर्यंत उतरावं लागतं. मुंबईच्या पावसाळ्यात इतकी कोरडी हवा महिनोन्‌महिने येत नाही, त्यामुळे एकदा विरघळलेलं मीठ सप्टेंबरपर्यंत ओलंच राहतं. वर-खाली वेगळे आकडे दिसतात आणि दोष लेपाच्या माथी जातो.

पॉलिइमाईड आणि ऑक्साईडचे लेप डीआयोनाइज्ड पाण्याने हलकेच धुता येतात. पॉलिव्हिनाईल अल्कोहोल किंवा जिलेटिन धुतलं तर मिठाबरोबर लेपही जाईल. टेफ्लॉनची टोपी इथेही उपयोगी, पण टोपीवर बसलेलं मीठही पुसावं लागतं. धुतल्यावर ७५ आणि ८४ च्या डब्यांत तपासा.

१९. काँक्रीटमध्ये पुरता येईल का?

थेट नाही. ताज्या काँक्रीटच्या छिद्रांतल्या पाण्याचा पीएच १२.५ ते १३, आणि असा अल्कली पॉलिइमाईडला हळूहळू तोडतो, काचेलाही खातो. सेन्सर सच्छिद्र टेफ्लॉनच्या नळीत ठेवा, म्हणजे त्याला काँक्रीटमधली हवा मिळेल, पाणी नाही. नळीतली हवा छोटीशीच ठेवा, नाहीतर प्रतिसादाला दिवस लागतील. शिवाय काँक्रीट आकसताना नळी दाबली जाते आणि तो ताण आर्द्रतेच्या नावावर जमा होतो, म्हणून आत फायबर सैल हवा.

२०. ट्रान्सफॉर्मरच्या तेलात चालतो का?

पॉलिइमाईडचा चालतो, पण तो जे दाखवतो ते तेलाच्या संपृक्ततेची टक्केवारी असते, तेलातल्या पाण्याचं वजन नव्हे. गरम तेल जास्त पाणी धरतं, त्यामुळे पाणी तितकंच असूनही रात्री लोड उतरला, तेल थंड झालं की आकडा वाढतो. प्रति दशलक्ष भाग हवे असतील तर तेलाचं तापमान आणि त्या तेलाचा विद्राव्यतेचा तक्ता दोन्ही लागतील. जुनं तेल आणि नवं तेल यांचा तक्ता एक नसतो.

२१. प्लास्टिक फायबरमध्येच ग्रेटिंग कोरली तर लेप नकोच ना?

बरोबर. अ‍ॅक्रिलिक स्वतः वजनाच्या सुमारे दोन टक्के पाणी शोषतं, त्यामुळे त्यातली ग्रेटिंग पॉलिइमाईड लेपाच्या कितीतरी पट सरकते. पण पाण्याला सगळा तंतू भिजवावा लागतो, तेव्हा उत्तर यायला बराच वेळ. शिवाय १५५० नॅनोमीटरला अ‍ॅक्रिलिक दर सेंटिमीटरला सुमारे एक डेसिबल प्रकाश खातं, म्हणून काही सेंटिमीटरचाच तुकडा काचेच्या फायबरला जोडून वापरतात. टोपाससारखं प्लास्टिक घेतलं तर ते पाणी जवळजवळ शोषतच नाही. आर्द्रतेसाठी निरुपयोगी, पण प्रश्न ८ मधल्या तापमानाच्या जोडीदारासाठी विचार करण्याजोगं.

२२. लेप खराब झाला तर तोच फायबर पुन्हा वापरता येईल का?

पॉलिव्हिनाईल अल्कोहोल, जिलेटिन कोमट पाण्याने निघतात, मात्र साखळ्या जोडलेल्या असतील तर नाही. पक्कं झालेलं पॉलिइमाईड काढायला गरम सल्फ्युरिक आम्ल लागतं. ग्रेटिंग महाग असेल आणि हाताशी नीट लॅब असेल तरच त्या वाटेला जा. पात्याने खरवडू नका. काचेवर डोळ्यांना न दिसणारा ओरखडा पडतो, आणि पुढच्या वेळी लेप तापवताना किंवा बसवताना फायबर तिथेच तुटतो. लाँग पीरियड ग्रेटिंग असेल तर लेप काढल्यावर तिचा स्पेक्ट्रम पहिल्या दिवसाच्या स्पेक्ट्रमशी ताडून बघा. स्पेक्ट्रममधल्या दऱ्या (प्रकाश कमी झालेले खोलगट भाग) मूळ जागी परतल्या नसतील तर काचेवर अजून काहीतरी शिल्लक आहे, आणि त्यावर दिलेल्या नव्या लेपाची जाडी हिशेबात बसणार नाही.